एका बंदुकीत किती बंदुका?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. १९७४ सालची गोष्ट. रविवारी पहाटे मैदानावर हजेरी, मग परेड आणि परेडनंतर ग्राउंडशीट अंथरून बंदुकीचा तास. या तासाचं नाव होतं ‘खोलना-जोडना’. सैन्यातून आलेले आमचे उस्ताद .३०३ रायफल समोर ठेवत, मॅगझिन काढत, बोल्ट काढत, सगळे भाग ओळीनं मांडत आणि मग उलट्या क्रमानं पुन्हा जोडत. आम्ही दहा-बाराजण आणि रायफली चार. एकदा शेजारच्या मुलानं घाईत आपला बोल्ट माझ्या रायफलीत घातला. तो बसला, फिरलाही. उस्तादांनी मात्र झटकन रायफल हातातून काढून घेतली. बोल्टच्या दांडीवर कोरलेला आकडा आणि रायफलीवरचा आकडा त्यांनी आम्हाला वाचायला लावला. आकडे वेगळे होते. ते म्हणाले, ‘‘ये इसका जोडीदार नहीं है. फायर करोगे तो मुँह पर आयेगा.’’

तेव्हा आम्ही हसलो. पण उस्ताद बरोबर होते. गोळी सुटते तेव्हा काडतुसाला मागून धरून ठेवण्याचं काम बोल्ट करतो. काडतुसाचं बूड आणि बोल्टचं तोंड यांच्यात केसाएवढी जास्त फट राहिली, तरी पितळी काडतूस फाटू शकतं आणि तापलेला वायू मागे येऊ शकतो. म्हणून कारखान्यात प्रत्येक रायफलीला तिचा बोल्ट बसवून, तपासून, दोघांवर एकच आकडा कोरत. एक रायफल, एक बोल्ट. लग्नच म्हणा ना!

हा प्रसंग मी विसरलोही होतो. २०११ मध्ये वर्तमानपत्रात एक बातमी वाचली आणि तो पुन्हा आठवला. भारतीय सैन्याला नवी रायफल हवी होती. अशी, की जिची नळी सैनिकाला बदलता येईल आणि नळी बदलली की ती वेगळ्याच जातीची गोळी झाडेल. सीमेवर एक नळी, दहशतवाद्यांशी लढताना दुसरी. मनात आलं, ज्या सैन्याच्या उस्तादांनी मला बोल्टसुद्धा बदलू दिला नाही, तेच सैन्य आज अख्खी नळी बदलणारी बंदूक मागतंय! हे कसं झालं? आणि त्या मागणीचं पुढे काय झालं? आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

अशा बंदुकीला ‘मॉड्युलर’ रायफल म्हणतात. म्हणजे मधला सांगाडा एकच, आणि त्याला नळी, दस्ता, मॅगझिन, दुर्बीण हे भाग गरजेप्रमाणे लावायचे-काढायचे. आखूड नळी लावली की कार्बाइन, लांब आणि जाड नळी लावली की हलकी मशिनगन. आपल्याकडे मिक्सरच्या एकाच मोटरवर चटणीचं, दळणाचं आणि रसाचं भांडं चढतं ना, तसंच काहीसं.

ही कल्पना एका दिवसात आली नाही. तिच्याआधी एक मोठी पायरी चढावी लागली. बंदुका हातानं घडवल्या जात, तेव्हा एका बंदुकीचा स्क्रूसुद्धा दुसरीला बसत नसे. लढाईत एक भाग मोडला की बंदूक कारागिराकडे जायची. १७८५ मध्ये फ्रान्समधल्या ऑनोरे ब्लां नावाच्या कारागिरानं यावर उपाय दाखवला. थॉमस जेफर्सन त्या वेळी अमेरिकेचे फ्रान्समधले प्रतिनिधी होते. ब्लांनी त्यांच्यापुढे बंदुकीच्या पन्नास कळांचे, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे, सुटे भाग कप्प्याकप्प्यांत मांडून ठेवले. जेफर्सननी हाताला येतील ते तुकडे उचलून स्वतः काही कळा जोडल्या. सगळ्या बिनचूक बसल्या. त्यांनी तसं पत्रानं मायदेशी कळवलं. पुढे अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारात जॉन हॉल यांनी १८२० च्या दशकात ही गोष्ट यंत्रांच्या आणि मोजमापांच्या जोरावर प्रत्यक्षात आणली. आज आपण दुकानातून गाडीचा सुटा भाग आणतो आणि तो मुकाट्यानं बसतो, त्याचं मूळ या बंदुकांच्या कारखान्यांत आहे.

पण श्रोतेहो, फरक लक्षात घ्या. ही पहिली अदलाबदल होती ती ‘कोणत्याही बंदुकीचा भाग कोणत्याही बंदुकीला बसावा’ अशी. बंदूक बदलत नव्हती. बंदुकीचं रूपच बदलता यावं, ही मागणी त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी आली. तिच्यामागे सैनिकापेक्षा कोठारप्रमुखाची अडचण मोठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर एका पलटणीत रायफल वेगळी, कार्बाइन वेगळी, हलकी मशिनगन वेगळी, जड मशिनगन वेगळी. प्रत्येकीचे सुटे भाग वेगळे, प्रशिक्षण वेगळं, दुरुस्ती वेगळी. हे सगळं एकाच बंदुकीत आलं तर?

हे मनावर घेतलं युजीन स्टोनर या अमेरिकी अभियंत्यानं. एम-१६ ही रायफल ज्या एआर-१५ वरून आली, तिचा जनक हाच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तो कॅडिलॅक गेज कंपनीत गेला आणि तिथं त्यानं एक अजब यंत्र उभं केलं. पहिल्या नमुन्याचं नाव होतं एम-६९-डब्ल्यू. हे नाव रोमन अक्षरांत लिहून कागद उलटा धरला तरी तेच वाचता येतं. त्यात खूण होती. या बंदुकीचा मधला सांगाडा सुलटा ठेवला की रायफल व्हायची आणि उलटा केला की मशिनगन! १९६३ मध्ये ती ५.५६ मिलिमीटरच्या गोळीसाठी तयार झाली आणि ‘स्टोनर ६३’ या नावानं ओळखली जाऊ लागली. रायफल, कार्बाइन, वरून मॅगझिन लावायची हलकी मशिनगन, काडतुसांच्या पट्ट्याची हलकी मशिनगन, तिपाईवरची मशिनगन आणि वाहनावर बसवायची मशिनगन, अशी सहा रूपं एकाच सांगाड्यातून निघत.

१९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये अमेरिकी मरीनच्या एका कंपनीनं ती प्रत्यक्ष लढाईत वापरून पाहिली. सुरुवातीला वाळू-मातीनं त्रास दिला, मग सैनिक तिला सरावले, अनेकांना ती आवडलीही. तरीही अमेरिकी लष्करानं ती स्वीकारली नाही. बनल्या त्या चार हजारांच्या आसपास. कारणं साधी होती. मशिनगनचा मार सोसेल असा सांगाडा रायफलीलाही वागवावा लागत होता, त्यामुळे रायफल म्हणून ती एम-१६ पेक्षा जड पडत होती. देखभाल कटकटीची होती. आणि एम-१६ तर आधीच हजारोंनी बाहेर पडत होती. ज्यांनी स्टोनर ६३ मनापासून आणि वर्षानुवर्षं वापरली, ते म्हणजे अमेरिकी नौदलाचे सील कमांडो. पण त्यांनी ती मुख्यतः कोणत्या रूपात वापरली? पट्ट्याची हलकी मशिनगन या एकाच! सहा रूपांची बंदूक घेतली आणि त्यातलं आवडीचं एक रूप धरून ठेवलं. मला वाटतं, या विषयाचा निम्मा धडा इथंच आहे.

पुढच्या प्रयत्नांचीही कहाणी बरीचशी अशीच. ऑस्ट्रियाच्या लष्करानं १९७७ मध्ये स्टायर ऑग ही रायफल घेतली. तिची नळी काही सेकंदांत निघते आणि वेगवेगळ्या लांबीच्या नळ्या तिला बसतात. ती यशस्वी झाली. पण तिनं हाव धरली नव्हती. गोळी तीच ठेवून फक्त नळीची लांबी बदलायची, एवढीच अपेक्षा होती. अमेरिकेनं एक्सएम-८ नावाची मॉड्युलर रायफल गाजावाजा करून पुढे आणली आणि २००५ मध्ये गुंडाळून ठेवली. मग त्यांच्या विशेष दलांसाठी बेल्जियमच्या एफएन कंपनीनं स्कार ही रायफल केली. हलकी ५.५६ ची आणि जड ७.६२ ची, अशा दोन बहिणी. २०१० मध्ये विशेष दलांनी धाकटीची पुढची खरेदी थांबवली. हाती असलेल्या एम-४ कार्बाइनपेक्षा ती इतकी काही सरस नाही की तेवढे पैसे घालावेत, असा हिशेब झाला. थोरली मात्र ठेवली, कारण तिचं काम करणारं दुसरं काही हाताशी नव्हतं.

आता आपल्याकडे येऊ. आपली गोष्ट समजायला थोडं मागं जावं लागेल. १९६२ मध्ये हिमालयात आपले जवान उतरले ते .३०३ घेऊन. एक गोळी झाडली की बोल्ट मागं ओढायचा, पुढं ढकलायचा, मग दुसरी. समोर चिनी सैनिकांच्या हातात अर्धस्वयंचलित आणि स्वयंचलित शस्त्रं. त्यानंतर इशापूरच्या कारखान्यातली ७.६२ मिलिमीटरची सेल्फ लोडिंग रायफल, म्हणजे आपली एसएलआर, पायदळाच्या हाती आली. चाप ओढला की गोळी, पुन्हा ओढला की पुन्हा गोळी. भरवशाची, दणकट आणि लांब पल्ल्याची. १९७१ चं युद्ध तिनं गाजवलं.

माझे थोरले मामा सातारा जिल्ह्यातले. ते पायदळात हवालदार होते. १९८७ मध्ये शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत गेले ते हीच रायफल घेऊन. तिच्याबद्दल ते नेहमी आदरानं बोलत. ‘‘एक गोळी लागली की विषय संपला,’’ असं म्हणत. पण लगेच हातानं लांबी दाखवून सांगत की ताडाच्या बनात, घराच्या अरुंद बोळात ती वळवता वळवता जीव जायचा. समोरच्या पोरांच्या हातात आखूड एके-४७. चाप दाबून धरला की धो-धो पाऊस. मामांच्या तुकडीतले दोघे परत आले नाहीत. त्यांचं नाव निघालं की मामा विषय बदलत.

श्रीलंकेच्या त्या अनुभवानंतर, आणि काश्मीर पेटल्यानंतर, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपण परदेशातून सुमारे एक लाख एके-४७ जातीच्या रायफली घाईनं आणल्या. त्याच वेळी आपली स्वतःची रायफल तयार होत होती. ती होत होती आपल्या पुण्यात. पाषाणला एआरडीई ही संस्था आहे, आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंट. १९५८ मध्ये स्थापन झालेली डीआरडीओची ही प्रयोगशाळा. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात इन्सास ही शस्त्रप्रणाली आखली. नावातच ‘प्रणाली’ आहे. कारण मूळ कल्पना एका रायफलीची नव्हतीच. रायफल, हलकी मशिनगन आणि कार्बाइन अशी तीन भावंडं, गोळी एकच ५.५६ ची, शक्य तितके भाग समान. म्हणजे मॉड्युलर विचाराचं बीज आपल्याकडे तेव्हाच पडलं होतं.

त्या विचारात शहाणपण होतं. ५.५६ चं काडतूस जुन्या ७.६२ च्या काडतुसाच्या जवळपास निम्म्या वजनाचं. तेवढ्याच ओझ्यात जवान दुप्पट गोळ्या नेऊ शकतो. रायफली इशापूर आणि तिरुचिरापल्लीला बनू लागल्या, काडतुसं आपल्या जळगाव जिल्ह्यात भुसावळजवळच्या वरणगावला. पण तीन भावंडांतलं कार्बाइन काही सैन्याच्या पसंतीस उतरलं नाही. नळी आखूड केली की बंदुकीच्या तोंडाशी जाळ आणि आवाज वाढतो, धक्काही बदलतो. कागदावर नळी कापणं सोपं, पण बंदुकीच्या पोटातलं वायूचं गणित त्याबरोबर बिघडतं. कुटुंबातली ती जागा रिकामीच राहिली.

१९९९ मध्ये कारगिलच्या उंचीवर इन्सासची खरी परीक्षा झाली. कडाक्याच्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. तीन-तीन गोळ्या झाडण्याच्या यंत्रणेबद्दलही आल्या. पुढे सुधारणा झाल्या, आणि लाखो जवानांनी ती वर्षानुवर्षं वागवली हेही विसरता कामा नये. पण मनात अढी बसली ती बसलीच. काश्मीरमध्ये ज्याला मिळे तो एके घेई.

इथं एक वेगळाच पेच उभा राहिला. सीमेवरच्या लढाईसाठी ५.५६ योग्य, असा एक तर्क मांडला जाई. गोळी हलकी आणि सरळ जाणारी, शिवाय शत्रूचा एक सैनिक जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघं लागतात. उलट घरात दडून बसलेला आत्मघाती दहशतवादी जखमी होऊन चालत नाही, तो तत्काळ थांबला पाहिजे. त्यासाठी एके-४७ ची जाड गोळी, म्हणजे ७.६२ बाय ३९, बरी. आता एकच बटालियन दोन-तीन वर्षं सीमेवर आणि नंतर दोन-तीन वर्षं काश्मीरच्या आतल्या भागात असते. मग तिला कोणती रायफल द्यायची? यावर उत्तर निघालं, दोन्ही द्या, पण एकीत!

२०११ च्या निविदेमागचा विचार हा होता. संख्या ६६ हजार. एक नळी ५.५६ ची, दुसरी ७.६२ बाय ३९ ची. अमेरिकेची कोल्ट, इटलीची बेरेटा, इस्रायलची आयडब्ल्यूआय अशा नामांकित कंपन्या स्पर्धेत उतरल्या. पुण्यात एआरडीईही स्वस्थ बसली नव्हती. तिनं बहुकॅलिबर रायफलीचा स्वतःचा नमुना केला आणि २०१४ च्या दिल्लीतल्या संरक्षण प्रदर्शनात तो मांडला. नळी, बोल्ट आणि मॅगझिन बदललं की ५.५६, ६.८ किंवा ७.६२ बाय ३९, अशा तीन प्रकारच्या गोळ्या झाडणारा.

हे प्रत्यक्षात किती अवघड असतं ते थोडं समजून घेऊ. या दोन काडतुसांत फक्त गोळीची जाडी वेगळी नाही. ५.५६ च्या काडतुसाचं बूड सुमारे साडेनऊ मिलिमीटर रुंद, दुसऱ्याचं सव्वाअकरा. म्हणजे बूड धरणारा बोल्ट बदलायला हवा. दुसऱ्याचं काडतूस पुढे निमुळतं होत जातं. अशी काडतुसं एकावर एक रचली की रांग आपोआप वाकडी होते, म्हणून एके-४७ चं मॅगझिन केळ्यासारखं वळलेलं असतं. म्हणजे मॅगझिन वेगळं आणि ते बसायची खोबणही दोघांना चालेल अशी हवी. स्फोटाच्या वायूचा जोर वेगळा, म्हणून यंत्रणेला मिळणारा धक्काही वेगळा. एवढं सगळं बदलूनही सांगाडा हलका राहिला पाहिजे, वाळवंटात आणि बर्फात सारखाच चालला पाहिजे, आणि नळी काढून पुन्हा बसवली तर ती तसूभरही हलता कामा नये. ब्लांच्या काळापासून अभियंते हेच करत आले आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही. पण प्रत्येक जास्तीची अट वजन मागते, पैसा मागते आणि वेळ मागते.

ही बातमी मी कात्रण करून मामांना दाखवली होती. तेव्हा ते निवृत्त होऊन शेतीत रमले होते. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, ‘‘आरं, नळी बदलली की झीरो परत कोण करणार?’’

मी म्हटलं, ‘‘मामा, झीरो म्हणजे?’’

त्यांनी समजावून सांगितलं. प्रत्येक जवान आपल्या रायफलीची नेमपट्टी आपल्या डोळ्याप्रमाणे, आपल्या खांद्याप्रमाणे, रेंजवर गोळ्या झाडून जुळवून घेतो. त्याला झीरो करणं म्हणतात. एकदा झीरो झालेली रायफल म्हणजे त्या जवानाच्या अंगाचा भाग. नळी बदलली, गोळी बदलली, की गोळी वेगळ्या ठिकाणी जाणार. मग रेंज पाहिजे, गोळ्या पाहिजेत, वेळ पाहिजे. कोतमध्ये, म्हणजे हत्यारं ठेवण्याच्या खोलीत, प्रत्येक नंबराच्या दोन नळ्या, दोन बोल्ट, त्यांचा हिशेब. कुणाची नळी कुणाला गेली तर? मग शांतपणे म्हणाले, ‘‘रात्री दीड वाजता हाताला जे लागंल ते माझंच पाहिजे. बाकी कायबी द्या.’’

माझ्या एनसीसीच्या उस्तादांनी बोल्टवरचा आकडा दाखवला होता, तो मला पुन्हा दिसला.

निविदेचं पुढे काय झालं? चाचण्या लांबत गेल्या, मागितलेल्या साऱ्या अटी पुऱ्या होईनात, आणि जून २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. साडेतीन वर्षं गेली आणि एकही रायफल आली नाही. गोव्याचे मनोहर पर्रीकर त्या वेळी संरक्षणमंत्री होते. लष्करी खरेदीत कागदावर मागितले जाणारे काही गुण मार्व्हलच्या चित्रकथांतून उचलल्यासारखे वाटतात, अशा अर्थाचं ते त्या सुमारास बोलले होते. ते सर्वसाधारण खरेदीबद्दल होतं, याच रायफलीबद्दल नव्हे. पण लागू इथंही पडत होतं.

त्यानंतर विचार पुन्हा फिरला. २०१६ मध्ये सैन्य परत जड गोळीकडे, म्हणजे एसएलआरच्या काळातल्या ७.६२ बाय ५१ कडे वळलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीशी त्या गोळीच्या ७२,४०० रायफलींचा करार झाला. आणि डिसेंबर २०२१ मध्ये रशियाबरोबर ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींचा. त्या उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला बनतात आणि ७.६२ बाय ३९ ची गोळी झाडतात. म्हणजे बघा, एका रायफलीत दोन गोळ्या हव्या होत्या. शेवटी दोन गोळ्यांसाठी दोन स्वतंत्र रायफली घेतल्या. बदल नळीत व्हायचा होता, तो कोतमध्ये झाला.

मग मॉड्युलर कल्पना फसली का? माझं मत तसं नाही. तिचा एक भाग गाजावाजा न करता जिंकला आहे. आज कोणतीही नवी रायफल पाहा, तिच्या पाठीवर खाचांची एक पट्टी दिसेल. १९९५ मध्ये अमेरिकेत तिचं माप प्रमाणित झालं. त्या पट्टीवर दिवसाची दुर्बीण लावा, रात्रीची लावा, टॉर्च लावा. रायफल तीच, नळी तीच, जवानाच्या खांद्याची सवय तीच. जे अंगाबाहेरचं आहे ते बदलतं, जे अंगाचं आहे ते बदलत नाही. आणि दुसरा विजय कारखान्यातला. एकाच आराखड्यातून रायफल आणि तिची भावंडं घडवायची, सुटे भाग समान ठेवायचे, पण जवानाच्या हाती द्यायची ती एकच, त्याच्या नंबराची, त्यानं झीरो केलेली. अदलाबदल कारखान्यात आणि कोठारात व्हावी, खंदकात नव्हे. ऑस्ट्रियाला हे १९७७ मध्ये उमगलं होतं, आणि सील कमांडोंना त्याच्याही आधी.

आपल्या बाबतीत सांगायचं तर पाषाणच्या अभियंत्यांनी मांडी मोडलेली नाही. जानेवारी २०२४ मध्ये एआरडीईनं हैदराबादच्या एका खासगी कंपनीबरोबर ७.६२ बाय ५१ ची ‘उग्रम’ रायफल पुण्यात सादर केली. गोळी एक, काम एक, वजन चार किलोंच्या आत. आणि इन्सासच्या कुटुंबात जी कार्बाइनची जागा रिकामी राहिली होती, तिचंही काही घडलं. सव्वाचार लाख कार्बाइनच्या खरेदीत २०२५ मध्ये पुण्याच्याच भारत फोर्जची बोली सर्वात कमी ठरली, आणि त्या कार्बाइनचा आराखडा एआरडीईचा आहे. चाळीस वर्षांनी का होईना, तिसरं भावंड घरी येण्याच्या वाटेवर लागलं.

चाळीस वर्षं! हा आकडा मला बोचतो. अभियंत्यांना जमलं नाही म्हणून एवढा वेळ गेला असं मी म्हणणार नाही. आपल्याला कोणत्या लढाईसाठी कोणती गोळी हवी, हे ठरवायला वेळ लागला. ५.५६, मग दोन्ही, मग ७.६२. जेव्हा ठरवता येत नाही तेव्हा माणूस म्हणतो, सगळंच द्या. घर बांधतानाही आपण तेच करतो, ही खोली पाहुण्यांचीही, अभ्यासाचीही आणि देवाचीही. घरात ते निभतं. पायदळात त्या न ठरलेल्या वर्षांचं ओझं कुणाच्या तरी खांद्यावर असतं. दिल्लीतली फाइल थांबते, पण डोंगरावरची गस्त थांबत नाही. गस्तीवरचा जवान तोवर जुनीच रायफल घेऊन जात असतो.

मामा २०१८ मध्ये गेले. नव्या रायफली त्यांनी पाहिल्या नाहीत. त्यांच्या ट्रंकेत निवृत्तीचे कागद, दोन पदकं आणि एक छोटी वही सापडली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी आपला सैनिक क्रमांक लिहिला होता आणि त्याच्याखाली आणखी एक आकडा. मामीला त्याचा अर्थ कळेना. मला कळला. तो त्यांच्या श्रीलंकेतल्या रायफलीचा नंबर होता.